आई काय म्हणाली असेल, शालिकभाऊ?

शालिकभाऊ,

तुम्ही गेलात आणि आपला वाद मी जिंकले, असं आता कुणीही म्हणू शकेल. समोर बोलायला माणूसच नाही म्हटल्यावर जिंकायला काय लागतं? पण असलं फुकटचं जिंकणं मला पचत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. शिवाय तुम्ही गेल्यावर एक गोष्ट घडली, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी तुमच्या शोकसभेचं ऐका. तिरोड्याला सभागृह भरलं होतं. तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमची नाटकं, सगळं क्रमवार सांगून झालं, ते मी पुन्हा सांगत नाही. पण एक वक्ते उभे राहिले आणि म्हणाले, "शालिकभाऊ म्हणजे अनुभवाच्या भट्टीतून निघालेला लेखक. जे जगले, तेच त्यांनी लिहिलं." माझं डोकंच फिरलं. उठून सांगणार होते की साहेब, या माणसानं जगलेलं एक अक्षर कधी लिहिलं नाही. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली आणि नाटकात लिहिले राजे, गलबतं, तुफानं. स्वतःच्या घरातला एक प्रसंग त्यानं कधी रंगमंचावर येऊ दिला नाही. पण समोर तुमचा फोटो होता आणि त्यात तुम्ही हसत होतात, म्हणून गप्प बसले. मेल्यावर तरी एकदा तुम्ही माझ्या बाजूचे ठरलात, हेही काही कमी नाही.

आपली ओळखच भांडणानं झाली. माझी पहिली गोष्ट एका दिवाळी अंकात आली होती. तुम्ही पत्ता शोधत गोंदियाला माझ्या शाळेत आलात, अंगावर खाकी तशीच. मला वाटलं, शाबासकी द्यायला आले. तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, गोष्ट चांगली आहे. पण यात तू काय केलं? जसं झालं तसं मांडून देलं. पंचनामा बी असाच असते." मी त्या दिवशी तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही. तरी पुढच्या पंधरवड्यात तुम्ही पुन्हा आलातच.

मग ते नेमानं चालू झालं. तिरोड्याहून पॅसेंजरनं तुम्ही यायचात, मी शाळा सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या टपरीवर यायचे. टपरीवाल्याला आपल्या भांडणाची इतकी सवय झाली की तुम्ही दिसलात की तो तिथूनच ओरडायचा, "मॅडम, आपके भाऊ आ गये! आज हारने का नंबर किसका है?" आणि न विचारता दोन कट चहा टाकायचा. तुम्ही साखर वाढवून घ्यायचात आणि मला डायबेटिसवर भाषण द्यायचात.

मी तुम्हाला चोर म्हटलं होतं, आठवतं? म्हटलं, दिवसभर गाडीत लोकांच्या गोष्टी ऐकता आणि नाटकात घालून वर कल्पना म्हणून मिरवता. तुम्ही अजिबात रागावला नाहीत. म्हणालात, "अवं, ऐकतो तं अर्धंच. बाई सांगून राहते, मंग त्यानं दार उघडलं आन्... आन् तिचा थांबा येते. ती उतरून जाते. मी डबल बेल देतो. आता त्या दाराआड कोण होतं, ते मले कोण सांगन?" मग चहाचा घोट घेऊन म्हणालात, "ते मलेच पाहा लागते." तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तुमचं सगळं लेखन त्या उतरून गेलेल्या बायांच्या मागं मागं चाललं होतं, हे मला आता कळतं.

समुद्राचं तर विचारूच नका. समुद्र न पाहता तुम्ही समुद्रावरची तीन नाटकं लिहिलीत, आणि मी छेडलं तर एका वाऱ्याच्या दिवशी मला चोरखमाऱ्याच्या तलावावर घेऊन गेलात. "हा पाह्य, माझा समुद्र." मी म्हटलं, भाऊ, याला मातीची पाळ आहे, पलीकडे धानाची बांधी दिसते आहे, समुद्राला पाळ नसते. तर म्हणालात, "ते मी काढून टाकतो. मनातल्या मनात." पुढे रिटायर झाल्यावर लेकीनं तुम्हाला कोकणात नेलं. परत आल्यावर मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, कसा वाटला? तुम्ही तोंड वाकडं केलं. "ठीक आहे. मोठा आहे. पण माझ्या नाटकातला जरा बरा आहे." एवढा अहंकारी माणूस मी दुसरा पाहिला नाही, भाऊ. आणि त्या अहंकाराची आज इतकी आठवण येते.

एकदा मात्र तुम्ही समुद्र सोडून गावाचं नाटक लिहिलंत आणि चांगलेच अडकलात. त्यात एक धाकटा भाऊ होता, दरवर्षी नांगरताना मोठ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, थोडा थोडा कोरणारा. दिवाळीनंतर गावात जत्रा भरते, त्या मंडईत नाटक झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात माणूस हजर. "भाऊ, माझं नाटक कायले केलं?" तुम्ही आईची शपथ घेऊन सांगितलं की हे सगळं मनचं आहे, मला शेतसुद्धा नाही. तो गेला तर दुसरा आला. मग तिसरा, तो बायकोला साक्षीला घेऊन. चौथा तर दुसऱ्या गावचा, म्हणे आमच्या मोठ्या भावानंच तुम्हाला पढवलं. एका खोट्या धुऱ्याचे चार खरे धनी निघाले. त्यातल्या एकानं मुकाट्यानं धुरा होता तिथे नेऊन घातला, आणि त्याच्या मोठ्या भावानं नव्या धानाचे तांदूळ तुमच्याकडे आणून दिले. ते खाताना तुम्ही मला म्हणालात, "तुह्या पंचनाम्यानं कोणाचा धुरा सरकला का?"

हे वर्मी लागलं, कारण नेमकं त्याच सुमारास माझ्या गोष्टीनं आत्याकडून मार खाल्ला होता. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मला आत्यानं वाढवलं. आत्यावर मी गोष्ट लिहिली. तिनं डोक्यावर वाहिलेल्या विटा, उपाशी काढलेले दिवस, विहिरीवर ऐकून घेतलेले शब्द, एक वाक्य मनाचं नाही. मोठ्या अभिमानानं तिला वाचून दाखवली. ती सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सारं खरं होय. पण ही बाई मी नोहो." मी म्हटलं, म्हणजे? "ही हासतच नाही वं कवा. मले तं लई हासू ये." तुमच्या खोट्याला चार धनी मिळाले, आणि माझ्या खऱ्याला त्याची धनीणच ओळखेना. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की टपरीवाला पाणी घेऊन धावला.

पण एका दिवशी आपण हसलो नाही. त्या दिवशी मी खरंच चिडले होते. म्हटलं, भाऊ, तुम्हाला कल्पनेचं कौतुक परवडतं. आमच्याबद्दल तर आजवर दुसऱ्यांनीच कल्पना केली. आम्ही कसे राहतो, कसे बोलतो, काय लायकीचे आहोत, सगळं त्यांनीच ठरवलं आणि त्यांनीच लिहिलं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, बाप शिकला, मी शिकले, तेव्हा कुठे आमच्या घरातली लेखणी आमच्या हातात आली. आता तिनं मी खरं तेच लिहीन. एक शब्द रचला तर लोक म्हणतील, बाकीचंही रचलेलंच असणार. चहा अर्धा ठेवून तुम्ही गाडीला गेलात, आणि मला वाटलं, दुखावला माणूस, आता येत नाही.

आलात. पंधरा दिवस विचार करून आलात. बसायच्या आधीच म्हणालात, "तुह्यं बरोबर आहे. आमच्यावाल्यांनी तुमच्याबद्दल लई मनचं लिहिलं. पण मंग मले एक सांग, मनचं लिहाचा हक्क काऊन आमच्याचपाशी ठेवून राहिली? तोबी घे न."

याला मी त्या दिवशी काहीतरी फाटकं उत्तर दिलं. मग विषय बदलला. तुम्हीही बदलू दिलात. भाऊ, त्या रात्रीपासून ते वाक्य माझ्या मागे लागलं होतं, आणि तुम्ही बरोबर बोललात एवढं साधं तुम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं.

कारण माझं पुस्तक तिथेच अडलं होतं. माझ्या लहानपणाचं पुस्तक. वडील, आत्या, वस्ती, विहार, शाळा, सगळी प्रकरणं लिहून झालेली. फक्त एक कागद कोरा. वर लिहिलेलं, "आई", आणि खाली काही नाही. मला नुकतं चालता येऊ लागलं होतं तेव्हा ती गेली. ती उंच होती, काळी होती, विड्या भरभर वळायची, यापलीकडे आत्यालासुद्धा धड सांगता येत नाही. प्रकाशक म्हणाले, ते प्रकरण गाळा, पुस्तक छापून टाकू. आईला गाळून माझं लहानपण छापायला मन धजेना, आणि खोटी आई मला चालेना. पुस्तक वर्षानुवर्षं पडून राहिलं. तुम्ही म्हणायचात, "तुले आठवत नाही, म्हणून ती जगलीच नाही का? लिही न तिले." मी म्हणायचे, दुसऱ्या कुणाची आई असती तर रचली असती. स्वतःच्या आईच्या तोंडी खोटे शब्द कसे घालू?

गोंदियाच्या दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तुमचा आवाज अगदी खाली गेला होता. मी मोसंबी सोलत होते. तुम्ही अचानक म्हणालात, "करुणा, तुही माय काय म्हणली असल?" एवढ्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा नावानं हाक मारली, म्हणून मी घाबरले.

"कधी?"

"कधीबी. एक दिवस घे. सकाळ घे. काय म्हणली असल तुले?"

"मला माहीत नाही, भाऊ."

"माहीत नाही म्हणूनच तं विचारून राहिलो. माहीत असतं तं कायले विचारलं असतं?"

मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग भांडू. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या आणि मी बाहेर आले. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही गेलात. भांडायला मी कुठे येऊ?

आता जे झालं ते सांगते. भाऊबीज झाली आणि गावोगावच्या मंडया लागल्या. तुमच्या मंडळाचा घनश्याम माझ्या घरी आला. दिवसा ऑटो चालवणारा आणि तुमच्या प्रत्येक नाटकात आई होणारा तो घनश्याम. मिशी काढून आला होता, म्हणजे तालीम चालू होती हे कळलं. म्हणाला, "बाई, भाऊनं शेवटचा परवेस लिहिलाच नाही." नाटक पुन्हा समुद्राचंच होतं. गावातला पोरगा गलबतावर जातो, बुडाला म्हणून गाव त्याचं सगळं करून मोकळं होतं, आणि खूप वर्षांनी तो घराच्या दारात येऊन उभा राहतो. तिथं तुमचं लिहिणं थांबलेलं. "माय चुलीपाशी बसून आहे," घनश्याम म्हणाला, "पोरगा दारात आहे. आता माय काय म्हणते, एवढं लिहून द्या."

मी म्हटलं, मी नाटक लिहीत नाही. आणि मनानं तर काहीच लिहीत नाही.

"मनानं नाही तं मंग कायनं लिहिता, बाई?" तो खरोखरच गोंधळला होता. मग म्हणाला, "भाऊनं सांगितलं होतं, काही अडलं तं मास्तरीणबाईले विचारा."

हे तुम्ही खरंच म्हणाला होतात, की घनश्यामनं उभ्या उभ्या रचलं, मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही. शेवटी तो तुमच्याच तालमीतला नट.

बसले लिहायला. पहिल्यांदा आई धाय मोकलून रडली आणि पानभर बोलली. ते मी फाडलं, कारण तशी आई मी दहा नाटकांत पाहिली होती. मग तिनं लेकाला ओळखलंच नाही. तेही फाडलं. घनश्यामचा रोज फोन, "बाई, माय अजून बोलली नाही का?" तुमचा राग आला, स्वतःचा आला. एका सकाळी मी नुसती डोळे मिटून त्या चुलीपाशी बसले. पाहिलं की ही बाई आता काय करते. दारात उजेड अडला म्हणून तिनं वर पाहिलं. लेकाचा चेहरा तिनं आधी पाहिलाच नाही, पाय पाहिले. पाय चिखलाचे होते. आणि ती म्हणाली, "पाय धुऊन ये आधी. रांजण होता तिथंच आहे."

एवढंच. पुढे तिनं काही बोलावं असं मला वाटलं नाही. मी ते घनश्यामला फोनवर वाचून दाखवलं. त्यानं ते आपल्या आवाजात एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "चालते, बाई. हे मले म्हणता येईन."

मंडईला मी गेले. बायांच्या घोळक्यात, सतरंजीवर. पोरगा दारात आला तेव्हा सगळ्यांनी पदर हातात घेऊन रडायची तयारी केली होती. घनश्यामनं वर पाहिलं आणि रोजच्यासारख्या आवाजात म्हटलं, पाय धुऊन ये आधी. माणसं खदखदून हसली. मग तो रांजणाचं म्हणाला आणि हसणं मधेच थांबलं. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, अंगावर नवं लुगडं, तोंडात पान. तिनं डोळे पुसले आणि मला कोपरानं ढोसून विचारलं, "कोणाची गोष्ट होय वं ही?"

भाऊ, मला तिला सांगता आलं असतं की ही शालिकभाऊंची. किंवा सरळ सांगता आलं असतं की कुणाचीच नाही, मनची आहे. मी म्हटलं, "माझ्या आईची."

म्हातारीनं मान डोलावली. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. खोटं बोलल्यासारखं मला मुळीच वाटत नव्हतं, आणि त्याचंच नवल वाटत होतं. मला कुणी कधी "पाय धुऊन ये" म्हटलं असेल, नसेल. पण चिखल माझा होता, चूल मी पाहिलेली होती, आणि दारात कुणीतरी यावं म्हणून वाट पाहणंही माझंच होतं. तुम्ही म्हणायचात तसं सगळंच मनचं नव्हतं, आणि मी म्हणायचे तसं सगळंच घडलेलंही नव्हतं. म्हणजे वाद पुरता मिटलेला नाही, एवढं ध्यानात ठेवा. तुमचा समुद्र मला अजूनही पटत नाही.

पण तुम्ही देऊ केलेला तो हक्क मी घेतला आहे. प्रकाशकांना कळवलं आहे की आईचं प्रकरण येतं आहे. त्याच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं आहे की यातलं मला काहीही आठवत नाही, आणि तरी ही माझी आई आहे. ज्याला पंचनामा हवा असेल त्यानं पुढचं पान उलटावं. आत्याला वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल याची भीती वाटते, पण या वेळची बाई हसते.

तुम्ही म्हणाला होतात, एक दिवस घे, सकाळ घे. मी सकाळ घेतली. थंडीचे दिवस आहेत, आंगणात ऊन आलं आहे. आई उन्हात बसून विड्या वळते आहे. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. शेजारीण काहीतरी सांगते आहे आणि आई मोठ्यानं हसते, मग मी जागी होईन म्हणून तोंडावर हात धरते. मी आत गोधडीत आहे. चुलीवरून भात उतरून बराच वेळ झाला आहे. ती सूप खाली ठेवते, उठते, खरंच उंच आहे. तंबाखूचे हात ती धुते, पदराला पुसते, हुंगून पाहते आणि पुन्हा धुते, कारण त्या हातांनी तिला माझ्या तोंडाला हात लावायचा आहे. मग वाकून माझ्या अंगावरची गोधडी ओढते आणि म्हणते,

"ऊठ वं माय, भात निवून राहिला."